डॅन्यूबपलीकडचे रोमन : स्लोव्हाकियात कुठे, कधी आणि किती?

नकाशेवाला (धागाकर्ता)

'स्लोव्हाकिया रोमन साम्राज्यात होता' आणि 'रोमन तिथे कधी पोचलेच नाहीत' अशी दोन्ही विधानं ऐकू येतात. दोन्ही चूक आहेत. म्हणून हा स्वतंत्र धागा.

आधी नकाशा. रोमन साम्राज्याची सीमा होती डॅन्यूब नदी. दक्षिण काठावर पॅनोनिया प्रांत, उत्तर काठावर रोमनांच्या भाषेत 'बार्बारिकुम', म्हणजे रानटी लोकांचा मुलूख. आजचा स्लोव्हाकिया जवळजवळ सगळा उत्तरेला, म्हणजे साम्राज्याबाहेर. अपवाद एकच मोठा: ब्रातिस्लावाच्या दक्षिणेला नदीच्या उजव्या काठावरची यारोव्हत्से, रुसोव्हत्से आणि चुनोव्हो ही तीन गावं. १९४७ च्या पॅरिस करारानं ती हंगेरीकडून चेकोस्लोव्हाकियाकडे आली. रुसोव्हत्से म्हणजेच रोमन गेरुलाता. पॅनोनिया प्रांताच्या हद्दीतलं, सीमारेषेवरचं घोडदळाचं ठाणं आज स्लोव्हाकियात आहे ते विसाव्या शतकातल्या एका तहामुळे.

दुसरी गोष्ट माणसांची. स्लाव लोक या भागात आले ते साधारण इ.स. ५०० च्या आसपास. म्हणजे रोमनांचा स्लोव्हाकांच्या पूर्वजांशी इथे संबंध आलाच नाही. त्यांची गाठ पडली ती जर्मानिक क्वादींशी आणि डोंगरातल्या कोतिनी या केल्टिक टोळीशी. कोतिनी लोखंडाच्या खाणी चालवत, असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. त्याआधी इ.स.पू. पहिल्या शतकात ब्रातिस्लावाच्या किल्ल्याच्या टेकडीवर केल्टिक बोई सरदारांनी रोमन पद्धतीची चुन्यातली बांधकामं करून घेतली होती. ती २००८ नंतरच्या उत्खननात समोर आली. 'बियातेक' अक्षरांची चांदीची नाणी त्याच बोईंची. युरो येण्यापूर्वीच्या स्लोव्हाक पाच कोरुनांच्या नाण्यावर ते नाणं छापलेलं असे.

रोमन फौज म्हणून पहिली मोठी हालचाल इ.स. ६ मधली. तिबेरियस (पुढे सम्राट झाला तो) कार्नुंटुमहून, म्हणजे आजच्या ऑस्ट्रियातल्या डॅन्यूबकाठच्या ठाण्याहून, जर्मानिक मार्कोमानी टोळीचा राजा मारोबोडुस याच्यावर निघाला आणि पॅनोनियातल्या बंडामुळे परतला. मोरावा-डॅन्यूब संगमावरच्या देव्हिनच्या कड्यावर त्या काळच्या रोमन लष्कराच्या खुणा आहेत. पुढे रोमनांनी वान्नियुस या क्वादीला राजा म्हणून बसवलं. त्यानं सुमारे तीस वर्षं राज्य केलं आणि इ.स. ५० मध्ये त्याच्याच भाच्यांनी, वांगियो आणि सिदो यांनी, त्याला हाकललं. रोमनं ते होऊ दिलं, कारण नवे राजेही रोमच्या शब्दातलेच होते. अंतोनिनुस पियुसच्या एका नाण्यावर सम्राट क्वादी राजाला मुकुट देताना दिसतो आणि लेख आहे 'रेक्स क्वादिस दातुस', क्वादींना राजा दिला. फौज न ठेवता ताबा ठेवायची ही पद्धत शंभर वर्षांहून जास्त चालली. इ.स. १६६ नंतरच्या मार्कोमानी युद्धांत ती मोडली आणि मग खरोखर पलटणी उत्तरेला घुसल्या.

माझं म्हणणं एवढंच, की 'रोमन उपस्थिती' हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींना वापरला जातो: पक्का किल्ला, हंगामी छावणी, रोमन विटांनी बांधलेलं जर्मानिक सरदाराचं घर, आणि नुसता व्यापारी माल. प्रत्येकाचा पुरावा वेगळा वाचावा लागतो. जाणकारांनी भर घालावी.

---

अक्षरवाटा

त्रेन्चिनच्या शिलालेखापासून सुरुवात करू, कारण त्यात जागा, माणसं आणि काळ तिन्ही सापडतात. त्रेन्चिन वाह नदीकाठी आहे, डॅन्यूबपासून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर उत्तरेला. लेख किल्ल्याच्या कड्यावर, खडकातच कोरलेला आहे. ओळी अशा:

व्हिक्टोरियाए
आउगुस्तोरु
एक्झेर्सितुस क्वी लाउ
गारिसिओने सेदित मिल
एल दोन ८५५
…आनुस लेग लेग दोन आद कुर एफ

(आकडे मुळात रोमन अंकांत आहेत. ८५५ साठी डी, तीन सी, एल, व्ही.) अर्थ: 'दोन्ही सम्राटांच्या विजयाला अर्पण. लाउगारिसिओ इथे तळ दिलेल्या सैन्याकडून, दुसऱ्या लीजनचे ८५५ सैनिक. दुसऱ्या आदिउत्रिक्स लीजनचा लेगात …आनुस याने करवून घेतले.' (लीजन म्हणजे सुमारे पाच हजारांची रोमन पलटण, लेगात म्हणजे तिचा सेनापती.)

काळ कसा काढायचा? लेखात वर्ष नाही. पण 'आउगुस्तोरु' हे अनेकवचन आहे, म्हणजे एकाच वेळी दोन सम्राट. सम्राट मार्कस ऑरेलियसचा मुलगा कोमोडस सहसम्राट झाला १७७ मध्ये आणि मार्कस वारला १७ मार्च १८० ला. लेख या दोन टोकांच्या मध्येच बसतो. युद्धाच्या मोहिमांशी ताडून पाहिलं की १७९-१८० चा हिवाळा निघतो.

नावाचा घोळ बराच काळ होता, कारण शेवटची ओळ झिजलेली आहे. तो सुटला अल्जीरियात. प्राचीन डायाना व्हेतेरानोरुम, आजचं झाना, इथे विसाव्या शतकाच्या मध्यात एका पुतळ्याचा चौथरा सापडला. त्यावर मार्कस व्हालेरियुस माक्सिमियानुस याची सगळी कारकीर्द कोरलेली आहे आणि त्यात 'लेउगारिसिओ इथे हिवाळा काढणाऱ्या तुकड्यांचा प्रमुख' असं स्पष्ट म्हटलंय. स्लोव्हाकियातल्या अधिकाऱ्याचा चौथरा आफ्रिकेत कसा? तो नंतर तिथल्या तिसऱ्या आउगुस्ता लीजनचा सेनापती झाला, म्हणून.

हा माणूस पोएतोव्हिओचा, आजच्या स्लोव्हेनियातल्या प्तुइचा. त्याच चौथऱ्यावर लिहिलंय की डॅन्यूबमधून दोन्ही पॅनोनियांच्या (तोवर प्रांताचे दोन भाग झाले होते) फौजांना रसद पोचवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि नारिस्ती टोळीचा म्होरक्या वालाओ याला त्यानं स्वतःच्या हातानं मारलं. त्याबद्दल सम्राटानं त्याला घोडा, पदकं आणि शस्त्रं दिली. घोडदळाच्या दर्जावरून तो सिनेटपर्यंत चढला. सीमेवरच्या प्रांतातल्या माणसाला युद्धानं काय मिळू शकत होतं, ते यात दिसतं.

---

पांथस्थ

८५५ म्हणजे लीजनचा सहावा भागसुद्धा नाही. मग 'रोमन सैन्यानं तळ दिला' असं म्हणायला ही संख्या पुरेशी आहे का?

---

अक्षरवाटा

पांथस्थ, दोन गोष्टी पाहा. एक, झानाच्या लेखात 'तुकड्यांचा' असं अनेकवचन आहे. ८५५ हे फक्त दुसऱ्या लीजनचे, तिचं मूळ ठाणं आक्विंकुमला, म्हणजे बुडापेस्टला. त्या तळावर इतर पलटणींचेही लोक होते. दुसरी, त्या काळात पूर्ण लीजन सीमा सोडून क्वचितच हलायची. प्रत्येकीतून एक तुकडी काढायची आणि त्यांची मिळून फौज करायची, हीच रीत. मागे ठाणं रिकामं पडत नाही आणि पुढे हव्या तशा पलटणी जुळवता येतात.

एकूण किती, याबद्दल इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो की क्वादींच्या प्रदेशात वीस हजार आणि मार्कोमानींच्या प्रदेशात वीस हजार सैनिक गढ्यांमध्ये बसवले होते. टोळ्यांच्या दूतांची तक्रार होती की ते गुरं चारू देत नाहीत, शेती करू देत नाहीत आणि आमच्यातले पळून गेलेले लोक ठेवून घेतात. सैनिकांकडे स्नानगृहंसुद्धा होती, असंही तो म्हणतो. कंटाळून क्वादींनी उत्तरेला सेम्नोनी टोळीकडे स्थलांतर करायचं ठरवलं, तर सम्राटानं वाटा अडवल्या. मला हा उतारा फार महत्त्वाचा वाटतो. लढाईपेक्षा हिवाळाभर शेजारी बसलेली फौज टोळीला जास्त जाचक होती.

---

शेतशिवार

आता त्या गढ्या शोधायच्या कशा, यावर लिहितो. हंगामी छावणीत दगडी बांधकाम नसतं. खंदक, त्याच्याच मातीचा बांध, वर लाकडी मेखा आणि आत चामड्याचे तंबू. फौज निघून गेली की बांध नांगरटीत सपाट होतो. उरतो फक्त बुजलेला खंदक, तोही जमिनीखाली.

हवाई छायाचित्रणात तो दिसतो पिकामुळे. खंदकात भरलेली माती भुसभुशीत आणि खोल, ओल जास्त धरते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाऊस ओढ देतो तेव्हा त्या पट्ट्यातलं जवाचं किंवा गव्हाचं पीक उंच वाढतं आणि बाजूचं पिवळं पडलं तरी आणखी काही दिवस हिरवं राहतं. जमिनीखाली दगडी भिंत असेल तर उलट: पीक खुरटतं आणि आधी वाळतं. पावसाच्या वर्षी दोन्ही दिसत नाही, म्हणून तीच जागा वर्षानुवर्षं पुन्हा पाहावी लागते. मक्याच्या शेतात फारसा उपयोग होत नाही.

रोमन म्हणून ओळखायचं कशावरून?

आकार पत्त्याच्या पानासारखा असतो, सरळ बाजू आणि गोलसर कोपरे. दाराजवळ खंदक तुटतो. कधी त्यासमोर खंदकाचा छोटा आडवा तुकडा असतो, सरळ धावा अडवण्यासाठी. आडवा छेद घेतला तर खंदक इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा, तळाशी अरुंद. रोमन छावणीशास्त्रातलं किमान माप पाच फूट रुंद आणि तीन फूट खोल, म्हणजे साधारण दीड मीटर आणि ९० सेंटीमीटर.

फसगत इथे होते: जुनी शेतबांधणी, निचऱ्याचे चर, दुसऱ्या महायुद्धातले खंदक आणि नदीचे आटलेले प्रवाह. पहिले तीन सरळ रेषेत असतात म्हणून धोकादायक. फक्त चित्रावर विसंबायचं नाही. आधी चुंबकीय सर्वेक्षण, मग एका ठिकाणी खंदक आडवा कापून छेद पाहायचा. त्यातही कालनिर्णय अवघड, कारण काही दिवसांच्या मुक्कामात फौज फारसं काही टाकून जात नाही. चपलेच्या तळाचे लोखंडी खिळे, एखादं नाणं, भाकरी भाजायच्या भट्ट्या, एवढ्यावर भागवावं लागतं. नाणंही 'या वर्षानंतर कधीतरी' इतकंच सांगतं.

या पद्धतीनं मोरावा खोऱ्यात झावोद आणि सुखोह्राद, डॅन्यूबजवळ व्हिर्त आणि इझाचा परिसर, आणि आत झितावा खोऱ्यात व्राब्ले इथे छावण्या सापडल्या. नकाशावर ठिपके मांडले की ओळ लागते: फौजा नद्यांच्या खोऱ्यांतून वर चढल्या. रसद बैलगाडीपेक्षा होडीतून स्वस्त, हे त्यामागचं कारण.

---

मृण्मयी

उत्तम माहिती. आपल्याकडे कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आणि रोमन कांस्यभांडी सापडली, तेरलाही रोमन संपर्काच्या वस्तू आहेत. तिथे आपण 'रोमन उपस्थिती' म्हणत नाही, व्यापार म्हणतो. मग स्लोव्हाकियात सापडलेल्या रोमन भांड्यांना वेगळा न्याय का?

---

नकाशेवाला

मृण्मयी, वेगळा न्याय लावूच नये, आणि हाच धाग्याचा मुद्दा आहे. झोहोरच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या श्रीमंत कबरींत रोमन कांस्यभांडी आहेत. स्त्राझेच्या तिसऱ्या शतकातल्या कबरींत चांदीचं मोठं कोरीव तबक आहे. ती रोमन वस्तू आहे, पण कबर जर्मानिक सरदाराची. व्यापार, नजराणा, पगार की लूट, हे नुसत्या वस्तूवरून कळत नाही.

फरक कुठे पडतो? ब्रह्मपुरीपासून रोमन सीमा समुद्रापार होती, झोहोरपासून कार्नुंटुमचं लीजन काही तासांच्या घोडदौडीवर. म्हणून इथे राजकीय नजराण्याची शक्यता बरीच जास्त. शिवाय याच मार्गानं बाल्टिक किनाऱ्यावरचा अंबर (झाडाच्या राळेचा अश्म, दागिन्यांसाठीचा) दक्षिणेला जायचा. रोमन लेखक प्लिनी सांगतो की कार्नुंटुमपासून तो किनारा सुमारे सहाशे मैल, आणि नीरोच्या काळात गेलेल्या एका रोमन सरदारानं तिथून इतका अंबर आणला की सर्वांत मोठा तुकडा १३ पौंडांचा होता. त्या वाटेचा पहिला टप्पा मोरावा खोरं.

एक उदाहरण मात्र व्यापाराच्या पलीकडचं आहे. २००५ मध्ये पोप्राद-मातेयोव्हत्से इथे औद्योगिक वसाहतीच्या कामात चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातली लाकडी दालनाची कबर सापडली. पाणथळ मातीत लाकूड टिकल्यामुळे फर्निचर आणि सोंगट्यांचा पटसुद्धा राहिला. सोबत व्हालेन्स सम्राटाचं सोन्याचं नाणं. हा तरुण जर्मानिक घराण्यातला, पण रोमन जगाशी त्याची चांगली जवळीक होती.

---

वीटशिक्का

विटांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. स्तुपावा आणि ब्रातिस्लावाजवळचं दूब्राव्का ही ठिकाणं डॅन्यूबच्या उत्तरेला असूनही तिथे रोमन पद्धतीच्या इमारती, तापवलेली फरशी आणि लीजनचे शिक्के मारलेल्या विटा-कौलं आहेत. पूर्वी त्यांना सरसकट 'रोमन लष्करी ठाणी' म्हणत. आता त्यांतल्या अनेकांकडे रोमशी मैत्री असलेल्या क्वादी सरदारांची घरं म्हणून पाहिलं जातं. त्सिफेर-पाट्सचा चौथ्या शतकातला वाडा तर स्पष्टच जर्मानिक वसाहतीतला आहे.

शिक्क्यांवरून काळ काढताना चुका होतात, त्या अशा. चौदाव्या गेमिना लीजनचा शिक्का म्हणजे कार्नुंटुम, दहाव्या गेमिनाचा म्हणजे व्हिंदोबोना (व्हिएन्ना), पहिल्या आदिउत्रिक्सचा म्हणजे ब्रिगेटियो (आजच्या हंगेरीत, कोमारोमजवळ). शिक्का सांगतो तो वीटभट्टीचा काळ, इमारतीचा नव्हे. चांगली वीट शंभर वर्षांनी दुसऱ्या भिंतीत जाते. म्हणून सर्वांत जुना शिक्का पकडायचा नाही. बांधकामातच पक्की बसलेली सर्वांत नवी वीट पाहायची, आणि ती दुरुस्तीतली तर नाही ना हे चुन्याच्या रंगावरून आणि मिश्रणावरून ताडायचं. पडझडीच्या ढिगातल्या विटेला कालनिर्णयात जवळपास किंमत नाही.

तापवलेल्या फरशीचं काम असं चालतं. खाली पक्का थर. त्यावर साधारण २० सेंटीमीटरच्या चौकोनी विटांचे सुमारे ६० सेंटीमीटर उंच खांब, चुन्याऐवजी चिकणमातीत रचलेले, कारण चुन्याचा सांधा आचेनं फुटतो. खांबांची मधली अंतरं अशी की दोन फूट चौरस मोठी वीट चार खांबांच्या डोक्यांवर टेकेल. त्यावर विटांचा चुरा घातलेल्या चुन्याची जाड फरशी. बाहेरच्या भट्टीतला गरम वायू खांबांमधून फिरतो आणि भिंतीतल्या पोकळ विटांच्या नळ्यांतून वर निघतो. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस सांगतो की खालचा थर भट्टीकडे उतरता ठेवावा, इतका की आत टाकलेला चेंडू गडगडत भट्टीच्या तोंडाशी परत यावा. ज्वाळा उताराला धरून वर पसरते.

बिघडतं कुठे? भट्टीच्या तोंडाजवळचे खांब आधी जातात, तिथे विटेऐवजी चुनखडीचा दगड वापरला असेल तर लवकरच. भिंतीच्या नळ्या काजळीनं तुंबल्या की ओढ मरते आणि धूर भट्टीकडे उलटतो. आणि सरपण! खोली एकदा तापली की आच सतत ठेवावी लागते, म्हणजे जंगल आणि लाकूडतोडे हाताशी हवेत. क्वादी सरदारानं अशी फरशी केली तर त्याच्यापाशी विटा मिळवण्याइतकी रोमन ओळख, बांधणारा कारागीर आणि जाळायला लाकूड तिन्ही होतं. तबक नजराण्यात येतं, अशी फरशी नुसत्या नजराण्यानं येत नाही.

---

पांथस्थ

वीटशिक्का, फार छान. आता इझाबद्दल कुणी लिहील का? नदीच्या उत्तर काठावर पक्का दगडी किल्ला म्हणजे वरच्या चार प्रकारांतला पहिला, तोही साम्राज्याबाहेर.

---

शेतशिवार

इझा कोमार्नोच्या पूर्वेला, डॅन्यूबच्या डाव्या काठावर. समोर उजव्या काठावर ब्रिगेटियो, पहिल्या आदिउत्रिक्स लीजनचं ठाणं. म्हणजे हा किल्ला एकटा नव्हता, तो त्या ठाण्याचा नदीपलीकडचा हात होता. प्राचीन भूगोलकार टॉलेमीच्या यादीतल्या नावावरून त्याला केलेमान्तिया म्हणतात.

इथे दोन किल्ले एकावर एक आहेत. पहिला मार्कोमानी युद्धांतला, माती-लाकडाचा, बराकी कच्च्या विटांच्या. तो १७९ च्या सुमारास जळाला. वरचा दगडी किल्ला कोमोडसच्या काळातला: साधारण १७२ मीटर बाजूचा चौरस, गोलसर कोपरे, वीस बुरूज. जळका थर दोन्हींच्या मध्ये असल्यामुळे खालचं आणि वरचं वेगळं करणं सोपं जातं. दगडी किल्ला चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत वापरात राहिला. अठराव्या शतकाच्या शेवटाला त्याचे दगड कोमार्नोच्या तटबंदीसाठी वाहून नेले, म्हणून आज तटाचे खालचे थरच दिसतात. पहिलं मोठं उत्खनन १९०६ ते १९०९ मधलं, आणि १९७८ पासून नित्राच्या पुरातत्त्व संस्थेनं पद्धतशीर काम केलं.

उत्तर काठावर रोमनांनी बांधकाम करणं क्वादींना किती झोंबायचं, ते चौथ्या शतकात दिसतं. सम्राट व्हालेंटिनियन पहिला यानं क्वादींच्या जमिनीवरच गढी बांधायला घेतली. राजा गाबिनियुसनं सौम्यपणे हरकत घेतली. ३७४ मध्ये त्याला मेजवानीला बोलावलं आणि परत निघताना ठार केलं. क्वादी चवताळून पॅनोनियात घुसले. पुढच्या वर्षी सम्राट सूड घेऊन ब्रिगेटियोला आला. क्वादी दूत सांगत होते की आपल्या जमिनीत गढी बांधायला घेतली म्हणून रानटी मनं पेटली. ते ऐकून तो इतका संतापला की तिथेच कोसळला आणि १७ नोव्हेंबर ३७५ ला वारला. हे त्या काळच्या इतिहासकार आमियानुस मार्सेलिनुसनं लिहून ठेवलंय.

---

मृण्मयी

मार्कस ऑरेलियसनं आपलं 'चिंतन' स्लोव्हाकियात लिहिलं असं पर्यटनाच्या पत्रकांत असतं. किती खरं?

---

अक्षरवाटा

त्यातल्या एका भागापुरतं खरं. ग्रीक मजकुरात 'क्वादींमध्ये, ग्रानुआ नदीवर' अशी नोंद आहे आणि ग्रानुआ म्हणजे स्लोव्हाकियातली आजची ह्रोन. ही नोंद पहिल्या आणि दुसऱ्या पुस्तकाच्या सांध्यावर येते. बहुतेक आवृत्त्या ती पहिल्याला जोडतात, काही दुसऱ्याला. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी 'कार्नुंटुममध्ये' असं आहे, ते ऑस्ट्रियात. बाकी पुस्तकांवर जागेची नोंद नाही. सगळं 'चिंतन' ह्रोनकाठी लिहिलं म्हणणं त्यामुळे टिकत नाही.

प्रांताबद्दलही हाच नियम. मार्कसला मार्कोमानिया आणि सार्मातिया असे दोन प्रांत करायचे होते, असं 'हिस्टोरिया आउगुस्ता' हा सम्राटांच्या चरित्रांचा जुना संग्रह म्हणतो. तो ग्रंथ अनेक ठिकाणी बेभरवशाचा आहे. पण वीस हजारांची फौज, सव्वाशे किलोमीटर आत हिवाळी तळ आणि स्नानगृहं हे सगळं एकत्र पाहिलं तर निदान कायमचा ताबा ठेवायची तयारी चालली होती, असं माझं मत. कोमोडसनं १८० मध्ये तह करून फौज मागे घेतली.

---

पांथस्थ

व्हिएन्ना-बुडापेस्टकडे राहणाऱ्या मंडळींनी दोन दिवसांत काय पाहावं?

---

नकाशेवाला

एक दिवस पश्चिमेचा: आधी ऑस्ट्रियातलं कार्नुंटुम, मग रुसोव्हत्से. क्रम असाच ठेवा, म्हणजे ठाणं आणि त्याची चौकी यांच्या आकारातला फरक कळतो. रुसोव्हत्सेला ब्रातिस्लावाच्या शहर बसनं जाता येतं. संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं, वेळ आधी तपासा. तिथला सर्वांत ठसठशीत अवशेष चौथ्या शतकातल्या छोट्या गढीचा, साधारण ३० बाय २९ मीटर, भिंती २.४ मीटर जाड. भिंतीतले दगड नीट पाहा, जुन्या थडग्यांचे कोरीव दगड फोडून वापरलेत. वेळ उरला तर देव्हिन.

दुसरा दिवस पूर्वेचा: बुडापेस्टहून रेल्वेनं हंगेरीतलं कोमारोम, पूल चालत ओलांडून कोमार्नो, पुढे इझा. मोकळ्या माळावर सावली नाही, पाणी सोबत घ्या. गेरुलाता आणि इझा दोन्ही २०२१ पासून जागतिक वारसा यादीतल्या डॅन्यूब सीमेच्या पश्चिम भागात आहेत. हंगेरीनं ऐनवेळी अंग काढून घेतल्यामुळे समोरचं ब्रिगेटियो त्यात नाही.

त्रेन्चिन या दोन दिवसांत बसवू नका, वेगळा दिवस काढा. लेख किल्ल्याखालच्या हॉटेल एलिझाबेथच्या मागच्या कड्यावर आहे आणि हॉटेलच्या आतून काचेतून पाहायचा. स्वागतकक्षात विचारलं की दाखवतात. अक्षरवाटांनी वर दिलेल्या ओळी फोनमध्ये ठेवून जा, पाचव्या ओळीतला ८५५ चा आकडा काचेतूनही वाचता येतो.